दोरावर कोण?

सतरा दिवस पाऊस कोसळत होता. अठराव्या दिवशी तो थांबला आणि मुकादमाची झोप उडाली.

पाऊस होता तोवर माणूस निवांत होता. दगडखाणीत कमरेएवढं पाणी, काम बंद, टोळीतले अकराच्या अकरा जण घरी बसून बायकांची बोलणी खात होते, आणि मुकादम दारात बसून आपल्या वाकड्या गुडघ्याला तेल चोळत होता. पण पाऊस थांबला म्हणजे पाणी उपसायचं, पाणी उपसलं म्हणजे दगड फोडायचा, आणि दगड फोडायच्या आधी कडा झाडायचा. कडा झाडायचा म्हणजे कुणीतरी कमरेला दोर बांधून माथ्यावरून खाली उतरायचं, आणि पावसाने सैल झालेला एकेक दगड पहारेने उचकटून पाडायचा. तसं केलं तर तो पुढे वर्षभर कुणाच्या डोक्यात पडत नाही. हे काम वर्षातून एकदाच असतं. गेली सहा वर्षं ते मुकादमाचा मुलगा करत होता.

आणि यंदा सुनेचे दिवस भरत आले होते.

टोळी खाणीवर जमली तेव्हा पंप दोन दिवस चालून तळाचं पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं. चिखलात उभं राहून सगळ्यांनी माना वर केल्या. साठ-पासष्ट हात उंचीचा तो कडा एरवी कोरडा, राखाडी दिसायचा. आता तो काळाकुट्ट झाला होता आणि जागोजाग पाझरत होता. माथ्यापासून वीसेक हात खाली एक मोठी शिळा पुढे आली होती, तिला सगळे नाक म्हणत. नाकाच्या वरच्या अंगाला चीर पडली होती. गेल्या वर्षी तिच्यात बोट शिरलं नसतं. आता अख्खा पंजा गेला असता, आणि आतून पाण्याची धार लागली होती.

"नाकाला सर्दी झालीय," बडबड्या म्हणाला.

दोघंतिघं हसले. टोळीत एक तरी असा लागतोच. त्याला वाटलं, आपलं जमतंय, म्हणून त्याने आणखी पुढे रेटलं. "मुकादम, नातू झाला की तो तुम्हाला काय म्हणणार हो? त्याचा बाप म्हणतो मुकादम. म्हणजे तोही मुकादमच म्हणणार. पाळण्यातून हजेरी देईल, हजर मुकादम!"

आता सगळेच हसले. मुलगाही हसला. मुकादम हसला, पण सगळ्यांच्या मागून.

कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. मुलगा सोळाव्या वर्षी टोळीत आला तेव्हा पहिल्याच दिवशी मुकादमाने सगळ्यांसमोर त्याला बजावलं होतं, "इथे कुणी कुणाचा बाप नाही. इथे मी मुकादम." पोराने ते इतकं मनावर घेतलं, की हळूहळू घरातही तोंडातून बाबा निघेना. जेवायला बोलवायचं झालं तर तो आईला सांगे, त्यांना हाक मार. टोळीतली परकी पोरं मात्र मुकादमाला बिनदिक्कत बाबा म्हणत, उचल मागत, बायकोशी भांडण झालं की त्याच्याकडे रडत येत. दहा जणांचा बाप होता तो. एकाचाच राहिला होता.

खाणीच्या तोंडाशी पत्र्याखाली लोहाराची भट्टी होती. छिन्न्या, घण, पहारी, सगळं तोच शेवटायचा, तापवून-ठोकून नीट करून द्यायचा. सगळे वर बघत असताना त्याने एकट्याने मान वर केली नाही. तो कड्याकडे पाहतच नसे. सात वर्षांपूर्वी कडा झाडताना एक शिळा दोरासकट त्याच्या पोराला घेऊन खाली आली होती. पोरगा वीस वर्षांचा होता. त्या दिवशी पाळी त्याची होती, आणि पाळी लावली होती मुकादमाने.

त्यानंतर मुकादमाने पाळी लावणंच सोडलं. दुसऱ्या वर्षी त्याने आपल्या पोराला चढवलं, तिसऱ्या वर्षीही त्यालाच, आणि मग कुणी विचारीनासं झालं.

दुपारी तो कचेरीत गेला. कारकून खुर्चीत बसून नखं कापत होता. मुकादमाचे पाय चिखलाने भरलेले पाहून त्याने टेबलाखालून जुनं वर्तमानपत्र काढलं आणि फरशीवर टाकलं.

"त्यावर उभा राहा. आत्ताच पुसून घेतलंय."

मुकादम कागदावर उभा राहिला. कागद लहान होता. पायाची बोटं आत ओढून धरावी लागत होती.

"साहेब, पंधरा दिवस द्या. ऊन लागू द्या. कडा आतून भिजलाय, असा मी बघितला नव्हता."

"सोमवारी पहिली गाडी भरायचीय."

"दहा दिवस द्या मग."

"पुलाचं काम अडलंय. मालकांना रोज चार फोन येतात." कारकुनाने एक नख फुंकून उडवलं. "तुला जमत नसेल तर सांग, बाहेरची टोळी एका फोनवर येते. मग तुझी पोरं काय खातील ते तू बघ. तू बाप आहेस ना त्यांचा? सगळे तुला बाबा म्हणतात म्हणे."

"म्हणतात."

"मग बापासारखा वाग. पोरं उपाशी ठेवणारा कसला बाप?"

मुकादमाला खूप बोलायचं होतं. तो मान हलवून वळला. निघताना ओला कागद एका पायाला चिकटून बाहेर आला आणि कारकून मागून ओरडला, "अरे, तो उचल आधी!" त्याने वाकून तो उचलला, गुडघा कचकन बोलला, आणि कागदाचा बोळा हातात घेऊन तो घरापर्यंत चालत आला. कुठे टाकावा हेही त्याला सुचलं नाही.

घरी मुलगा उंबऱ्यावर बसून दोर तपासत होता. एकेक वीतभर दोर बोटांतून ओढायचा, पीळ उलगडून बघायचा, पुढे सरकायचा. मुकादम आला तसा तो बाजूला झाला.

"काय म्हणाला?"

"सोमवार."

"मग उद्याच झाडून घेऊ," मुलगा म्हणाला. "दोर चांगलाय. तुम्ही काळजी करू नका, मुकादम. मला सवय आहे." दोर खांद्यावर टाकून तो पंपवाल्याकडे निघून गेला.

मुकादम हातपाय धुऊन आत येऊन बसला. सून भिंतीला टेकून, पाय लांब करून भाजी निवडत होती. तिचे पाय सुजले होते. सासरा आला की ती पाय जवळ घ्यायची, आज तिने घेतले नाहीत.

"मामंजी, यंदा यांना चढवू नका."

मुकादमाने बायकोकडे पाहिलं. बायको चुलीकडे तोंड करून बसली होती, पण तिचा हात थांबला होता.

"मग कुणाला चढवू?" तो म्हणाला. "पैलवानाला दोन बारक्या मुली आहेत. बडबड्याची आई अंथरुणाला खिळलीय. प्रत्येकजण कुणाचा तरी कुणीतरी आहेच की. नाव सांग, त्याला चढवतो."

"मी कशाला सांगू? मी काय टोळीची मुकादम आहे?" सुनेचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "तुम्हाला अकरा जणांचा विचार करावा लागतो. मला एकाचाच करायचाय. ते रात्री झोपेत पायाने खाच शोधतात, माहीत आहे तुम्हाला? अंथरुणात पाय असा खाली सोडतात आणि चाचपतात. सापडली नाही की दचकून उठतात. मग मी त्यांचा पाय माझ्या पायावर ठेवते, तेव्हा झोप लागते."

मुकादमाला हे माहीत नव्हतं. पोरगा निर्भय आहे असं तो सहा वर्षं लोकांना सांगत आला होता.

"माझ्या पोराला घरी ठेवून दुसऱ्याचं पोर लोंबकळत सोडलं, तर टोळीला तोंड कसं दाखवू?" तो म्हणाला, आणि आपला आवाज उगाच मोठा झालाय हे त्याच्या लक्षात आलं.

"टोळीचं नाव कशाला घेता?" बायको चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "लोहारभाऊजींना तोंड कसं दाखवू, असं म्हणा की. सहा वर्षं मी मूग गिळून बसले. ही बसायची नाही, आणि बसूही नये."

मुकादम उठला. जेवण झाल्याशिवाय कुठे निघालात, असं त्याला कुणीही विचारलं नाही.

दिवेलागणीला तो भट्टीवर पोचला. लोहार एकटाच होता. भात्याची हवा लागून कोळसे लाल व्हायचे आणि पुन्हा काळवंडायचे. कडा झाडायची पहार ऐरणीला टेकवून ठेवलेली होती. ही पहार इतर पहारींसारखी नसते. तिचं टोक वाकवलेलं असतं, आणि किती वाकवायचं ते चढणाऱ्याच्या उंचीवर आणि हाताच्या लांबीवर ठरतं. दर वर्षी ती नव्याने तापवून वाकवावी लागते, कारण वर्षभर ती इतर कामांत सरळ होऊन गेलेली असते.

"पहार लागेल उद्या," मुकादम म्हणाला.

"कुणाच्या मापाची?"

"कुणाच्या म्हणजे? नेहमीच्या."

"नाही करणार."

मुकादम कोळशाच्या पोत्यावर बसला. लोहाराने भाता ओढणं थांबवलं.

"तुझ्या पोराचं माप मला तोंडपाठ आहे," लोहार म्हणाला. "सहा वर्षं करतोय. माझ्या पोराचं माप त्याच्याहून चार बोटं कमी होतं. यंदा मी ही पहार त्याच्यासाठी वाकवणार नाही. तुला वाकवायची तर तू वाकव. भट्टी पेटलेली आहे."

मुकादमाच्या तळहातांवर दोन गुळगुळीत वळ होते. दोर सरसरत गेला होता तेव्हाचे. तो ते अंगठ्याने चोळत राहिला. सात वर्षं जे बोलायला तो या पत्र्याखाली येत होता आणि छिन्न्या घेऊन परत जात होता, ते आज बोललं नाही तर पुन्हा कधी बोलता येणार नाही, हे त्याला पक्कं कळलं.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "तुझा पोरगा वर घ्या म्हणाला होता."

लोहाराने विझत आलेला एक कोळसा आत सारला.

"दोर माझ्या हातात होता. दोर धरायला त्याने माझंच नाव घेतलं होतं. त्याने हाक मारली, मुकादम, वर घ्या. मी वरून बघत होतो, शिळा निघतच आली होती. पुन्हा खाली सोडायचं, पुन्हा सगळं करायचं... मी म्हटलं, दोन घाव आणखी मार. मग घेतो." मुकादमाने तळहात मिटले. "त्याने एकच मारला."

"माहीत आहे," लोहार म्हणाला.

मुकादमाने वर पाहिलं.

"वरचं बोलणं खाली ऐकू येतं. कडा आवाज खाली फेकतो. वर राहणाऱ्याला ते कळत नाही. मी इथे उभा होतो. त्याचंही ऐकलं, तुझंही."

"मग बोलला का नाहीस? सात वर्षं!"

"बोललो असतो तर तू टोळी सोडून गेला असतास. मग मी रोज कुणाकडे बघून दात खाल्ले असते?" लोहाराने चिमटा उचलला आणि परत ठेवला. "पहिल्या वर्षी तू तुझ्या पोराला चढवलंस तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. म्हटलं, जाऊ दे याचंही. दुसऱ्या वर्षीही तेच वाटलं. मग वाटेनासं झालं. पोरगा मला काका म्हणतो. सकाळी आला की आधी इथे हात शेकतो. तो वर असला की मी भाता जोरात ओढतो, म्हणजे काही ऐकू येऊ नये. तू त्याला माझ्यासाठी चढवतोस हे अख्ख्या टोळीला कळतं, कुणी बोलत नाही इतकंच. मी कधी मागितलं होतं?"

"नाही."

"मग माझ्या नावावर नको."

मुकादम पोत्यावरून उठला. उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "माझ्या मापाने वाकव," तो म्हणाला.

लोहाराने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. वाकलेला गुडघा, सुटलेलं पोट, पांढऱ्या मिशा. हसेल असं वाटलं, पण तो हसला नाही.

"सरळ उभा राहा," तो म्हणाला. "हात वर कर. आणखी वर. जातो तेवढा कर." मुकादमाचा हात जिथवर गेला तिथे त्याने भिंतीवर कोळशाने रेघ ओढली, आणि वळून भाता ओढायला लागला.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. टोळी माथ्यावर चढली. मुलाने दोर खुंट्याला दोन वेढे घालून बांधला आणि सवयीने दुसरं टोक आपल्या कमरेकडे नेलं.

"इकडे आण," मुकादम म्हणाला.

मुलाला आधी कळलंच नाही. मुकादमाने त्याच्या हातातून टोक घेतलं आणि आपल्या कमरेभोवती गुंडाळलं. मग मात्र एकच गलका उडाला. बडबड्या म्हणाला, बाबा, चेष्टा करायची वेळ आहे का ही? पैलवान म्हणाला, मी जातो, माझं वजन आहे पण हात धड आहेत. कुणी गुडघ्याचं काढलं, कुणी वयाचं.

"पाळी कुणाची हे मुकादम ठरवतो," तो म्हणाला. "मी ठरवलीय. तोंडं बंद करा."

मुलगा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "तिने सांगितलं म्हणून?"

"कुणी सांगितलं म्हणून नाही."

आता राहिलं दोरावर कोण हे ठरवायचं. या कामात एक रीत होती आणि ती मोडायला मुकादमही धजत नसे. दोर ओढायला मागे दोघंतिघं असतात, पण ते वीस पावलं मागे उभे राहतात, त्यांना खालचं दिसत नाही आणि धड ऐकूही येत नाही. कड्याशी एकच माणूस दोर हातात घेऊन उभा असतो. ढील द्यायची की ओढायचं, ते तो सांगेल तसं. तो कोण असावा हे उतरणारा ठरवतो. तो ज्याचं नाव घेईल त्याने धरायचं, नाही म्हणायचं नाही.

मुलाने सहा वर्षांत एकदाही बापाचं नाव घेतलं नव्हतं. दर वेळी पैलवान. मुकादम दर वेळी खाली उतरून जायचा, कड्याकडे पाठ करून पंपाशी उभा राहायचा, आणि आतल्या आत जळायचा. पोराचा माझ्या हातांवर भरवसा नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. भरवसा ठेवण्यासारखे हे हात नाहीत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी जळायचा. आज मात्र त्याच्या मनात होतं, पोराने नाही घेतलं तरी आपण पोराचं नाव घ्यावं. सगळ्यांसमोर घ्यावं. त्याला कळू दे.

"दोरावर माझा मुलगा," तो म्हणाला.

मुलगा एक पाऊल मागे सरला. "नाही."

"नाही म्हणता येत नाही."

"मी नाही धरणार! काय करायचं ते करा." त्याचा आवाज फाटला. "मी सहा वर्षं तुमचं नाव का घेतलं नाही, विचारलंत कधी?"

"मला माहीत आहे, का ते."

"काही माहीत नाही तुम्हाला. लोहारकाकांचा पोरगा गेला तेव्हा तुम्ही महिनाभर पाठ टेकली नाही. आई भरवायची तुम्हाला. हाताचं सालडं निघालेलं, त्याला मलमसुद्धा लावू देत नव्हता. मी बघत होतो ना घरात. तुमच्या हातात दोर असताना मला काही झालं असतं, तर तुम्ही जगला असता का? म्हणून पैलवानाचं घ्यायचो. पैलवान जगला असता."

पैलवान खाली बघू लागला.

मुकादम कमरेला दोर बांधलेला तसाच उभा राहिला. सहा वर्षं हा पोरगा कड्यावर लोंबकळत होता आणि लोंबकळताना बापाची काळजी वाहत होता. आणि बाप पंपाशी पाठ करून रागावलेला. त्याला लाज वाटली, सगळ्यांसमोर पोराचे पाय धरावेत इतकी लाज वाटली. आणि आता तो काय करायला निघाला होता? तेच ओझं पोराच्या हातात द्यायला, आठ दिवसांत जो बाप होणार त्याच्या.

"नाव मागे घेतो," तो म्हणाला.

"मग पैलवान?" कुणीतरी विचारलं.

"माझं घे."

सगळे वळले. लोहार पहार खांद्यावर घेऊन चढून आला होता. सात वर्षांत त्याने माथ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. त्याला धाप लागली होती. त्याने पहार मुकादमाच्या पायाशी ठेवली आणि पुन्हा म्हणाला, "माझं नाव घे."

मुकादम घाबरला. ते कशाला लपवायचं? हा सोडेल, असं क्षणभर त्याच्या मनात आलंच. भट्टीवर काल जे बोलणं झालं ते आणखी कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्याच्या मनात आलं, सोडलं तर सोडू दे, आपल्याला तक्रार करायला तोंड नाही.

"दोरावर लोहार," तो म्हणाला.

तो कड्यावरून खाली उतरला. पहिल्या दहा हातांतच त्याला कळलं, की आपल्याला यातलं काहीही आठवत नाही. तरुणपणी केलं होतं, पण ते शरीर वेगळं होतं. दगड बर्फासारखा गार आणि शेवाळलेला होता, दोर बरगड्यांत रुतत होता, आणि गुडघा वाकला की सरळ होत नव्हता. तोंड दगडाला चिकटवून तो नुसता लोंबकळत राहिला. मांडीवर ऊब उतरली तेव्हा त्याला समजलं, की आपण कपड्यात केलंय.

"डावा पाय खाली घ्या," वरून मुलाचा आवाज आला. तो कड्याच्या काठावर पालथा पडून, डोकं बाहेर काढून बघत होता. "आणखी वीतभर. तिथे खाच आहे. मी कोरलीय."

त्याने पाय चाचपला. खाच होती. अंगठा आणि दोन बोटं मावतील एवढीच, पण तिच्यात पाय घट्ट बसला.

"आता उजवा. उजव्या अंगाला, कमरेच्या खाली. सापडली? उभे राहा तिच्यावर. श्वास घ्या. घाई नाही आपल्याला."

पोर सांगत गेलं आणि बाप ऐकत गेला. कडा अशा खाचांनी भरलेला होता. काही जुन्या झिजलेल्या, काही गेल्या वर्षीच्या. सहा वर्षांत पोराने एकट्याने लोंबकळत हे सगळं केलं होतं, आणि खाली उभ्या असलेल्या बापाने त्यातली एकही खाच पाहिली नव्हती. मुकादमाचे डोळे भरून आले. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याने बारके दगड आधी काढले. पहार त्याच्या हाताला नेमकी बसत होती. मग तो नाकाशी आला. चिरेत टोक घातलं, कमरेला अडकवलेला लहान घण काढून वरून मारला. एक, दोन, पाच, आठ. अकराव्या घावाला शिळा आतून कण्हली. चीर रुंद झाली आणि त्याच्या मनगटावर बारीक खडी पडायला लागली.

दोन घाव पुरे होते. कुणालाही सांगता आलं असतं, दोनच. परत वर जायचं, परत उतरायचं, परत त्या गारठ्यात लोंबकळायचं, त्यापेक्षा दोन घाव मारून मोकळं व्हावं. हात घणावर आवळला गेला. खडी पडतच होती.

"वर घे!" तो ओरडला.

शब्द पुरा व्हायच्या आत दोर ताठ झाला. असा ओढला गेला, की पहार हातातून सुटली, गुडघा दगडावर सोलून निघाला, कपाळ आपटलं, आणि तो पोत्यासारखा फरफटत वर आला. काठाशी मुलाने त्याला काखेत धरून आत खेचलं. तो उताणा पडला. तेवढ्यात पायाखालची जमीन हादरली. नाक आपणहून सुटलं होतं, आणि तो ज्या भिंतीला चिकटून उभा होता ती सगळी भिंत नाकाबरोबर खाली गेली. आवाज खाणीत घुमत राहिला, मग खाली पडणारे दोनचार खडे, मग काहीच नाही.

पैलवान आणि मागची पोरं दोर टाकून धावत आली. कुणी पाणी आणलं. बडबड्या रडत होता. मुलाने बापाच्या कपाळावर हात दाबून धरला होता.

लोहार मात्र होता तिथेच उभा होता. दोर त्याच्या दोन्ही मुठींत तसाच, ताठ, ओढून धरलेला.

"काका, सोडा आता," पैलवान म्हणाला. "आले वर. हे काय, इथे आहेत."

लोहाराने सोडला नाही. पैलवानाने त्याची बोटं उलगडायचा प्रयत्न केला, ती उलगडेनात.

"एवढाच वेळ लागतो," लोहार म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "हाक मारल्यापासून वर येईपर्यंत. एवढाच."

टोळीला काही कळलं नाही. मुलाने बापाकडे पाहिलं. मुकादम कसाबसा उठून बसला. दहा जण समोर होते, त्याला बाबा म्हणणारे, आणि त्यांच्या पुढे त्याचा स्वतःचा मुलगा, त्याच्या रक्ताने माखलेला हात घेऊन. आता जे बोलायचं ते बोलल्यावर यातलं कोण आपल्याला काय म्हणेल, याचा त्याला काही भरवसा नव्हता.

"त्याच्या पोरानेही हाक मारली होती," तो म्हणाला. "वर घ्या म्हणाला होता. मी घेतलं नाही. मी म्हटलं, दोन घाव आणखी मार."

तेव्हा कुठे लोहाराच्या मुठी सुटल्या.